शनिवार तेल्यांच्या घरातले सुभेदार

(मस्जिद स्टेशनचा पूल. सकाळची गर्दी.)

मस्जिद बंदर. हार्बरची गर्दी इथेच उतरते आणि सेंट्रलचीही, आणि पुलावरून खाली आलात की हमाल, हातगाड्या, पोती, टेम्पो, कुणाला कुणाकडे बघायला वेळ नाही. या गर्दीतून आत शिरलं की ही गल्ली लागते. पाटी बघा, सॅम्युएल स्ट्रीट. इथले दुकानदार हे नाव दिवसातून दहा वेळा बिलावर लिहितात, पण हा सॅम्युएल कोण विचारलं तर बरेच जण म्हणतात, असेल कोणी गोरा साहेब.

गोरा साहेब नाही. कोकणातला माणूस. आडनाव दिवेकर, घरात बोलायचं नाव सामाजी हसाजी, भाषा मराठी, धर्म ज्यू, कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या बेने इस्रायल समाजातला, आणि पेशा फौजेतला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेत तो नेटिव्ह कमांडंट होता, म्हणजे त्या काळात हिंदी माणसाला पलटणीत ज्या वरच्या जागा मिळू शकायच्या त्यातली एक.

(शार हारहमीम सिनेगॉग. दारातून आत. लाकडी बाकं, टांगलेले काचेचे दिवे.)

आणि हे त्याचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. शार हारहमीम, दयेचं दार. मुंबईतलं सगळ्यात जुनं, 1796 सालचं. आत्ता तुम्ही बघताय ती इमारत 1860 ची, पण संस्था तीच आणि प्रार्थनाही तीच. जुन्या लोकांच्या तोंडी याचं नाव जुनी मशीद, आणि स्टेशनचं नावही त्यावरूनच पडलं असं मानतात. मधे ही उंच जागा दिसते ना, कठडा असलेली, तो तेबा, इथे उभं राहून प्रार्थना म्हणतात. समोर पडद्यामागे लाकडी कपाट आहे, हेखाल, त्यात तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या असतात. कॅमेरा थोडा वेळ दिव्यांवर राहू दे, वरून खाली येणाऱ्या साखळ्या बघा, एकेक दिवा कुणाच्या ना कुणाच्या आठवणीत लावलेला असतो.

आता हे सिनेगॉग एका फौजीने का बांधलं, ही गोष्ट या समाजात आजी नातवंडांना सांगते तशी सांगतो, कारण ती तशीच आमच्यापर्यंत आलीय. दुसरं इंग्रज-म्हैसूर युद्ध, 1780 ते 84. मुंबईहून फौज घाट चढून बेदनूरपर्यंत गेली, जनरल मॅथ्यूज तिचा सेनापती. 1783 च्या सुरुवातीला बेदनूर हातात आलं आणि दोन-तीन महिन्यांत टिपूने वेढा घालून परत घेतलं, मॅथ्यूजला शरण यावं लागलं, तो पुढे कैदेतच मेला. मुंबईच्या फौजेची मोठी संख्या या युद्धात कैदी झाली. दिवेकर भाऊ, सामाजी आणि इसाजी, हेही टिपूच्या कैदेत सापडले.

कैद्यांची चौकशी चालू होती, नाव काय, जात काय. यांनी सांगितलं, बेने इस्रायल. आणि परंपरा अशी सांगते की टिपूच्या आईच्या कानावर हे गेलं, आणि ती म्हणाली की कुराणात ज्यांचा उल्लेख येतो ती बनी इस्रायलची माणसं मी कधी बघितली नाहीत, यांना मारू नका. दोघं वाचले. कैदेतच सामाजीनं नवस बोलला की सुटलो तर देवाचं घर बांधीन. युद्ध मंगळूरच्या तहाने 1784 मध्ये संपलं, हे मुंबईला परतले, आणि बारा वर्षांनी हे दार उघडलं. आपल्याकडे माणूस नवस बोलतो आणि मग तो फेडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, तसंच हे. पुढच्याच वर्षी तो तोराच्या गुंडाळ्या आणायला कोचीनला गेला, कारण तिथल्या ज्यूंकडे त्या होत्या, आणि 1797 मध्ये तिथेच वारला.

(नवगावचा किनारा. दफनभूमीतलं स्मारक.)

आता समुद्र ओलांडून अलिबागकडे. हे नवगाव. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज ज्या जहाजातून आले ते इथेच कुठेतरी फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि जे बुडाले त्यांना गावकऱ्यांनी इथे पुरलं. कधी, यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत, दोन हजार वर्षांपासून पुढची. ते आपण त्यांच्यावर सोडू. हे जे स्मारक दिसतंय ते अलीकडचं आहे, इथे लोक आजही बसने येतात, प्रार्थना म्हणतात, आणि मग शेजारी डबे उघडून जेवतात.

(लाकडी घाणा. बैल. तेलाची धार.)

ही माणसं इथे राहिली ती तेल गाळत. हा घाणा बघा, आवाज मुद्दाम तसाच ठेवलाय. बैल फिरतो, लाट करकरते, आधी काही नाही, पेंड नुसती ओली दिसते आणि मग एकदम खालच्या पन्हळीतून तेलाची बारीक धार सुटते. आठवड्यातले सहा दिवस हे चालायचं. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून शनिवारी घाणा बंद. म्हणून गावानं नाव ठेवलं शनिवार तेली. आडनावं गावांची लागली, पेणकर, रोहेकर, आवासकर, किहीमकर, नागावकर, झिराडकर, तळकर, म्हसळेकर. अलिबाग, पेण, मुरूड, रोहा एवढा टापू घ्या आणि नकाशा समोर ठेवा, या समाजाची वंशावळ तुम्हाला एसटीच्या पाट्यांवर वाचता येईल.

(कुलाबा किल्ला, ओहोटी. घोडागाडी पाण्यातून जाते.)

आणि घाण्यावरच्या या घरातली पोरं फौजेत गेली, ती इंग्रजांकडे जायच्याही आधी. हा कुलाबा किल्ला, आंग्र्यांचा. समाजाच्या इतिहासात नोंद आहे की बेने इस्रायल आंग्र्यांच्या आरमारात होते, आणि त्यातला आरोन चुरीकर नाईक झाला, त्याच्या घराण्याला इनाम मिळालं. किनाऱ्यावर वाढलेली माणसं, समुद्राची भीती नाही, तर आरमारात जाणार नाहीत तर कुठे जाणार. मराठी आरमाराबद्दल आपण एवढं बोलतो, अभिमानानं बोलतो, बोललंच पाहिजे, त्या आरमारात हे लोकही होते हे त्यात धरून बोलूया एवढंच म्हणणं आहे.

मग मुंबई वाढली. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही माणसं खाडी ओलांडून मुंबईला यायला लागली, काही सुतारकामाला, गवंडीकामाला, गोदीत, आणि बरीचशी कंपनीच्या शिपाईगिरीला. इथे मला जरा थांबायचंय, कारण आख्खी गोष्ट इथे फिरते.

(जुनी चित्रं. मुंबईच्या पलटणीचे शिपाई.)

मुंबईची फौज बंगालच्या फौजेसारखी नव्हती. बंगालमध्ये भरती मुख्यत्वे अवध-बिहारकडच्या वरच्या जातींची, मुंबईत तसं नाही. इथे एकाच कंपनीत मराठा, महार, मुसलमान, उत्तरेतले परदेशी आणि बेने इस्रायल, सगळे शेजारी शेजारी उभे राहायचे. आणि बढती मुख्यतः सेवाज्येष्ठतेनं, म्हणजे किती वर्षं चाकरी झाली आणि ती नीट झाली का यावर. तर होतं काय, की शिपाई म्हणून लागलेला पेणचा किंवा चौलचा तेल्याचा पोरगा, लिहिता वाचता येत असेल, अंगात शिस्त असेल, तर नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार असा चढत जायचा, आणि एकदा सुभेदार झाला की त्याच्या हाताखालच्या कंपनीत सगळ्या जातींचे शिपाई असायचे आणि ते त्याचा हुकूम मानायचे. गावात ज्याच्या घाण्याला कुणी मान देत नव्हतं, त्याला इथे सॅल्यूट.

हे छोटं नाही हो. त्या काळात हे छोटं नव्हतं.

संख्येनं हा समाज मूठभर, पण अधिकाऱ्यांच्या यादीत त्याचं प्रमाण डोळ्यात भरण्यासारखं. हाईम सॅम्युएल केहिमकर म्हणून या समाजातले मोठे कार्यकर्ते होऊन गेले, 1875 मध्ये मुंबईत इस्रायली शाळा सुरू झाली त्यामागे तेच होते, त्यांनी 1897 पर्यंत समाजाचा सगळा इतिहास लिहून काढला, तो छापला मात्र गेला 1937 मध्ये, तेल अवीवला. त्यात फौजी माणसांच्या नोंदी आहेत. सुभेदार मेजर, सुभेदार, जमादार. काहींना ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया मिळालेली, त्यातल्या पहिल्या वर्गाला सरदार बहादूर म्हणायचे आणि दुसऱ्याला नुसतं बहादूर. लढाया म्हणाल तर म्हैसूर, अफगाणिस्तान, मुलतान, इराण, अबिसिनिया. कोकणातल्या घरातलं माणूस काबूलच्या वाटेवर, आणि मागे घरी बायको मुलांना घेऊन पलटणीच्या लाइनीत.

आणि हो, लढले ते मराठ्यांविरुद्धही. 1818 मध्ये पेशवाई गेली ती ज्या फौजांमुळे गेली त्यात मुंबईची फौज होती आणि मुंबईच्या फौजेत बेने इस्रायल होते, जसे मराठे होते, महार होते, सगळेच होते. हे झाकायचं कारण नाही. त्या वेळी जो पगार देतो त्याचं मीठ, आणि मिठाला जागायचं, हा हिशोब एकट्या बेने इस्रायलांचा नव्हता.

(पुणे, रास्ता पेठ. सिनेगॉग सुक्कथ शलोमो. मग लाल देवळाचा मनोरा.)

पलटण जिथे जाईल तिथे हे गेले, आणि दहा घरं झाली की प्रार्थनेची जागा आली. पुणे, बेळगाव, कराची, एडन. अहमदाबादला 1848 मध्ये डॉक्टर अब्राहम बेंजामिन एरुलकर फौजेच्या नोकरीतूनच गेले आणि तिथली वस्ती सुरू झाली. कराचीचं सिनेगॉग सॉलोमन डेव्हिड उमरडेकरांनी 1893 मध्ये बांधलं, नाव ऐकलंत ना, उमरडेकर, कराचीत. पुण्यात हे जे लाल विटांचं उंच बांधकाम दिसतंय, लाल देऊळ, ते बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या, ज्यूंपैकी डेव्हिड ससूनचं, त्यांचं घराणं व्यापारी. आणि रास्ता पेठेतलं हे साधं, रस्त्याला लागून असलेलं, हे बेने इस्रायलांचं, 1921 चं.

हे पान बघा आता. 1874 ची पुण्याची हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या, ज्यूंच्या पासओव्हर सणाच्या, रात्री घरात वाचायची पोथी. एका बाजूला हिब्रू, एका बाजूला मराठी. आणि चित्र बघा, साडी नेसलेल्या बायका बसून बिनखमिराच्या भाकरी करतायत. इजिप्तमधून सुटकेची गोष्ट आणि स्वयंपाकघर आपलं. ज्या पुण्यात ही पोथी छापली गेली तिथल्या कॅम्पात पेन्शनर सुभेदारांची घरं होती, हे चित्र कुणाच्या घरात बघितलं जात असेल ते तुम्ही समजा.

(मलिद्याचं ताट. हात पोहे कालवतायत.)

हा मलिदा. पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, वरून फळं आणि फुलं, मधे गुलाब. नाव घ्यायचं ते एलियाहू हानबीचं, संदेष्ट्या एलियाचं. लग्नाआधी करतात, बाळंतपण झालं की करतात, नवस फेडायला करतात. कुणी लांबच्या प्रवासाहून सुखरूप आलं की करतात. मागे म्हटलं तसं माणूस काबूलला असेल आणि सहा-सहा महिने पत्र नसेल तर घरातल्या बाईला दुसरं काय होतं हातात, एलियाहू हानबीला हाक मारायची आणि म्हणायचं येऊ दे घरी, मलिदा करीन. हातांचा हा शॉट आम्ही पूर्ण ठेवलाय, खोबरं किसण्यापासून.

(अलिबाग, इस्रायल आळी. सिनेगॉग मागेन आबोथ. मग दफनभूमी.)

पेन्शन झाली की बरेच जण परत कोकणात आले. अलिबागची ही इस्रायल आळी. सिनेगॉग 1848 चं, 1910 मध्ये नव्यानं बांधलेलं. आणि गावाबाहेर दफनभूमी.

इथे आम्ही दुपारी चारनंतर शूट केलं, कारण दुपारच्या उन्हात दगडावरचं काही वाचता येत नाही, सगळं सपाट पांढरं दिसतं, ऊन तिरपं झालं की कोरलेल्या अक्षराच्या एका कडेला सावली पडते आणि ओळ उठून येते. हा दगड बघा. वर हिब्रूच्या दोन ओळी. खाली मराठी, देवनागरीत, अक्षर टपोरं, कोरणाऱ्याचा हात चांगला. त्यात माणसाचं नाव, बापाचं नाव, गावाचं आडनाव, आणि मग पेन्शनर सुभेदार, पलटण अमुक नंबर, मुंबई. शेजारी इंग्रजीत तेच. पलटणीचा आकडा शेवाळाखाली गेलाय, तिथल्या काळजी घेणाऱ्या काकांनी तांब्यातून पाणी टाकलं, ओल्या फडक्यानं हलकं पुसलं, घासलं नाही, घासलं की अक्षर जातं, आणि मग तो आकडा दिसला. नुसता हा दगड म्हणजे त्या माणसाचा सगळा सर्व्हिस रेकॉर्ड आहे, आणि तो मराठीत आहे. इथे लंडनच्या कुठल्या कागदपत्रांची वाट बघायला लागत नाही, वाकून वाचायला लागतं.

एकाच रांगेत जमादार, हवालदार, परत सुभेदार. मधे एक बाई, तिच्या दगडावर नवऱ्याचा हुद्दा.

(रिकामी कवायतीची जागा. जुने फोटो.)

मग हे थांबलं कसं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारनं फौजेची रचना बदलली. जातवार, धर्मवार कंपन्या करायच्या ठरल्या, आणि कुठल्या जाती लढवय्या आणि कुठल्या नाहीत याचे नियम बसवले गेले. 1895 मध्ये तर मुंबईची फौज म्हणून वेगळी राहिलीच नाही. आता जातवार कंपनी करायची तर तेवढी माणसं पाहिजेत, बेने इस्रायल पडले काही हजारांचा समाज, त्यांची स्वतंत्र कंपनी होणार कशी. आणि स्वतःची कंपनी नाही तर दुसऱ्याच्या कंपनीत सुभेदार होता येणार नाही. दीडशे वर्षं जी शिडी होती ती काढून घेतली. याच सुमाराला महारांची भरतीही बंद केली गेली, गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध 1894 मध्ये अर्ज तयार केला, आणि बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ त्याच पिढीतले. एकाच कोकणातली, एकाच फौजेतली माणसं, आणि एकाच धोरणानं बाहेर काढलेली. बेने इस्रायल आणि महार ही दोन्ही नावं एका वाक्यात घेतली जात नाहीत, ती घेतली पाहिजेत.

पोरं मग रेल्वेत गेली, पोस्टात, कारकुनीत, दवाखान्यात, शाळेत.

(झिराडचा एसटी स्टॉप. रस्ता, दोन्ही बाजूला झाडं.)

हे झिराड. अलिबागहून मांडव्याला जाताना लागतं, तुम्ही शनिवार-रविवार या रस्त्यावरून गेला असाल. या गावाचं आडनाव लावणारा एक माणूस, लेफ्टनंट कर्नल जोसेफ एफ्राइम झिराड. 1965 चं युद्ध, सियालकोट आघाडी, सप्टेंबरचा मध्य. चाविंड्याजवळ बुटूर डोगरांडी नावाचं गाव घ्यायचं होतं. रणगाडे पूना हॉर्सचे, त्यांचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर, पारशी. पायदळ आठवी गढवाल रायफल्स, त्यांचे कमांडिंग ऑफिसर झिराड, बेने इस्रायल. त्या लढाईत तारापोर गेले आणि झिराडही गेले. झिराड पडल्यावर पलटण हातात घेतली मेजर अब्दुल रफी खान यांनी, आणि तेही तिथेच कामी आले. तारापोरांना परमवीर चक्र, रफी खानांना वीर चक्र, दोन्ही मरणोत्तर. आठव्या गढवालच्या नावापुढे बुटूर डोगरांडी हा लढाईचा मान लागला.

तारापोर आपल्याला माहीत आहेत आणि असायलाच पाहिजेत. पण झिराडच्या स्टॉपवर उभं राहून आम्ही विचारलं तेव्हा हे नाव फौजेशी कुणी जोडलं नाही. गावात यावर एक फलक लागायला काय हरकत आहे, सांगा.

(ढाका, शरणागतीचा फोटो.)

हा फोटो मात्र सगळ्यांनी बघितलाय. 16 डिसेंबर 1971, ढाका. सही करतायत ते पाकिस्तानचे जनरल नियाझी, शेजारी भारताचे जनरल अरोरा, आणि मागे उभ्या रांगेत उजव्या टोकाला मेजर जनरल जे. एफ. आर. जेकब, पूर्व कमांडचे चीफ ऑफ स्टाफ. जेकब कोलकात्याच्या बगदादी ज्यू घराण्यातले, पुढे गोव्याचे राज्यपाल झाले, 2016 मध्ये दिल्लीत वारले. नौदलात व्हाइस अ‍ॅडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन, बेने इस्रायल, 1965 च्या युद्धाच्या वेळी ताफ्याचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं, त्याआधी खडकवासल्याला एनडीएचे, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे, कमांडंट होते, नृत्यांगना लीला सॅमसन यांचे वडील. या दोघांवर बरंच लिहिलं गेलंय, म्हणून इथे एवढंच.

(अलिबाग. कुलूप लावलेली दोन घरं. मग अंगणात खेळणारी मुलं.)

1948 नंतर समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. भारतात सुमारे 20 हजार होते, आता चार-पाच हजार उरलेत. तिकडे दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत मराठी बोलली जाते, मायबोली नावाचं मराठी नियतकालिक निघालं, आणि धर्मगुरूंनी यांच्या ज्यू असण्यावर शंका घेतली तेव्हा 1964 मध्ये यांना धरणं धरून आपला मान मिळवावा लागला. तिथे फौजेची नोकरी सक्तीची आहे, म्हणजे नातवंडं परत वर्दीत.

(रेवदंडा. सिनेगॉग बेथ एल. बाहेर गाडीतून सामान उतरवताना टीम.)

अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, ठाणे, पुणे, प्रत्येक ठिकाणच्या दफनभूमीत हुद्दा आणि पलटण कोरलेले दगड आहेत, आणि दर पावसाळ्यात त्यावरचं थोडं थोडं जातं. समाजाच्या विश्वस्तांची परवानगी घेऊन आम्ही प्रत्येक दगडाचा फोटो आणि त्यावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतोय. तुमच्या ओळखीत कुणाकडे जुना डिस्चार्जचा कागद असेल, पेन्शनचं पुस्तक असेल, मेडल असेल किंवा भिंतीवर पगडीवाल्या आजोबांचा फोटो असेल, तर मूळ वस्तू देऊ नका, मोबाईलवर उजेडात नीट फोटो काढा, मागची बाजूही काढा, बऱ्याचदा नाव आणि साल मागेच लिहिलेलं असतं, आणि आम्हाला पाठवा. गावाचं आडनाव माहीत असेल तर ते नक्की लिहा, त्यावरून दगड शोधता येतो. रेवदंड्याचं काम आत्ता चालू झालंय, त्यानंतर पेण.